शाळेचं वर्ष आणि गावाची पातेली

आमच्या हायस्कूलचं वर्ष कागदोपत्री जूनच्या मध्याला सुरू होतं. पाचवीच्या पोरांच्या हातात गुलाबाचं फूल, नवी पुस्तकं, दारात रांगोळी, एक फोटो, संपलं. पण आमच्या स्टाफरूममध्ये कुणालाही विचारा, खरं वर्ष सुरू होतं ते माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आली की. फलटण तालुक्यात, पालखीच्या वाटेला खेटून आमचं गाव. नीरा नदीत पादुकांचं स्नान, लोणंदचा मुक्काम, चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण, मग तरडगाव, फलटण, बरड अशी ती वाट सरकत असते आणि तिच्या मागंपुढं चालणाऱ्या दिंड्यांपैकी दोन-तीन दरवर्षी आमच्या शाळेत उतरतात.

गंमत अशी की पालखी तिथीवर चालते आणि शाळा तारखेवर. 2023 साली आषाढी एकादशी 29 जूनला आली. शाळा उघडून आठवडा व्हायच्या आत मैदानात दिंड्यांचे ट्रक उभे राहिले. पाचवीच्या मुलांना आपला वर्ग कुठला हे नीट कळलंही नव्हतं, तोवर तो वारकऱ्यांना द्यावा लागला. 2024 साली एकादशी 17 जुलैला होती, म्हणून जरा उसंत मिळाली.

वर्ग द्यायचा म्हणजे आधी बाकं हलवायची. नववी-दहावीची मुलं ती उचलून प्रयोगशाळेत एकावर एक रचतात आणि खोल्या झाडून, धुऊन घेतात. (मुलांनी उचलायचं आणि मुलींनी झाडायचं, ही वाटणी मोडायला बरीच वर्षं गेली. आता चिठ्ठ्या टाकतो. चिठ्ठीत झाडू आला की काही वीर अजूनही पोटात दुखतंय म्हणतात.) आदल्या दिवशी परिपाठ संपताना सांगायचं, प्रत्येकानं घरून पाच भाकरी आणायच्या. येतात मात्र दहा-दहा. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या, कुणाच्या अजून वाफाळणाऱ्या, कुणी वर ठेच्याचा गोळा ठेवलेला. टेबलांवर भाकरींच्या चळती लागतात आणि मग मुलांचा आवडता खेळ सुरू होतो, कुठली भाकरी कुणाच्या घरची ते ओळखायचं. "ही आमच्या आयची, कडा बघा की मॅडम, कशी पातळ हाय!" मला आजवर एकही भाकरी ओळखता आलेली नाही. मुलं मात्र क्वचितच चुकतात.

दिंडी पहाटे निघून जाते. मागं राहते चुलींची राख, धुरानं काळी झालेली कुंपणाची भिंत आणि हमखास एखाद्या फळ्यावर कापऱ्या अक्षरात लिहिलेली अभंगाची ओळ. ती पुसायला मुलं तयार होत नाहीत. गणिताचे सर उरलेल्या अर्ध्या फळ्यावर दोन दिवस वर्गसमीकरणं सोडवतात आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप डस्टर फिरवतात.

शाळेनं गावाच्या पाहुण्यांसाठी आपलं घर उसनं दिलं, ते असं. पुढं वर्षभर चालते ती उलटी वाहतूक. शाळा मागते, गाव देतं. आमच्या शिपाईमामांकडे त्याची एक लांबट वही आहे, लाल कापडी बांधणीची. आधीच्या शिपाईमामांकडून त्यांच्याकडे आली. पहिली काही पानं बोरूनं लिहावीत अशा वळणदार अक्षरात, पुढची बॉलपेननं, शेवटची तर स्केचपेननंसुद्धा. मजकूर एकाच साच्यातला: सतरंज्या, विठ्ठल मंदिर, गेल्या, आल्या. ताडपत्री, दूध डेअरी, गेली, आली, एका कोपऱ्यात फाटली. मोठी पातेली, झारे, परात, अमक्याच्या वाड्यातून. समई, तमक्या काकूंकडून, वात शाळेची. कधी शेरेही असतात. एका पंधरा ऑगस्टला आणलेल्या खुर्च्यांपुढं लिहिलंय, "एक खुर्ची आधीच मोडकी होती, भांडू नये."

कुठल्याही अधिकाऱ्याला आमच्या शाळेचं समाजाशी नातं काय आहे हे बघायचं असेल, तर मी त्यांना ही वही देईन. ते मागतात दुसराच कागद. तो म्हणजे वार्षिक नियोजनाचा तक्ता. 21 जून योग दिन, 26 जूनला शाहू महाराजांची जयंती, 1 जुलैला कृषी दिन, 1 ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊंची जयंती एकाच हारात, मग 9 आणि 15 ऑगस्ट, 5 सप्टेंबर, 22 सप्टेंबर, 2 आणि 15 ऑक्टोबर, 26 नोव्हेंबर, 6 डिसेंबर, 3 आणि 12 जानेवारी, फेब्रुवारीच्या शेवटाला मराठी भाषा आणि विज्ञान पाठोपाठ. दर महिन्याला दोन-तीन थोर माणसं भिंतीवरून उतरून खुर्चीवर येतात, झेंडूचा हार घालून घेतात आणि "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" ऐकून परत भिंतीवर जातात. भाषण मोबाइलवरून उतरवलेलं असतं. कधी एकाच यूट्यूबवाल्याचं भाषण तीन वर्गांतली तीन मुलं लागोपाठ करतात आणि तिघंही एकाच वाक्याला हात वर करतात. त्यानंतर फोटो. मग वरून आलेल्या लिंकवर तो फोटो, सहभागी विद्यार्थिसंख्या आणि चार ओळींचा अहवाल. संध्याकाळी पाचपर्यंत लिंक भरली नाही तर सहा वाजता ग्रुपवर आपल्या शाळेचं नाव लाल अक्षरात.

हे दिवस बंद करावेत असं मला वाटत नाही. त्यातला एखादाच मनाला लागतो, एवढंच. सावित्रीबाईंचं नायगाव आमच्याच जिल्ह्यात, शेजारच्या खंडाळा तालुक्यात. 3 जानेवारीला मुलींना तिथं नेलं की भाषणाची गरज पडत नाही. ते घर बघून आल्यावर आठवीतल्या एका मुलीनं एसटीत मला विचारलं, "त्या आपल्यासारख्याच गावातल्या होत्या व्हय?" मी हो म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत बसली. या सहलीचा अहवालही मी चार ओळींतच भरला.

खेळांचं वेगळं. ऑगस्ट-सप्टेंबरात तालुका पातळीच्या स्पर्धा सुरू झाल्या की शाळेत अभ्यास सोडून सगळं चालतं. आमची जान खो-खो. खो-खोला लागतं काय, दोन खांब आणि चुन्याच्या रेघा. खांब सुतारानं दिलेले, चुना घरं रंगवून उरलेला. वर्षानुवर्षं संघ तालुक्याला न्यायचा एका दूधवाल्यांचा पिकअप. पहाटे गावातलं दूध डेअरीवर घालायचं, कॅन उतरवायचे, हौदा धुवायचा आणि मग त्यात आमच्या मुली. दिवसभर मुलींच्या अंगाला दुधाचा वास. प्रतिस्पर्धी संघ चिडवायचे, "आल्या डेअरीवाल्या." दूधवाले काका मात्र सामना संपेपर्यंत रेषेबाहेर उकिडवे बसून राहायचे. कुणी चुकीचा खो दिला की पंचांच्या आधी त्यांचाच आवाज. बुटांचीही उसनवारी होती. पाठलाग करणाऱ्या नऊजणींना बूट मिळाले की बाकीच्या अनवाणी. डाव संपला की बूट काढून समोरचीच्या हातात.

याच मातीतून लोक कुठवर गेलेत हे मुलींना तोंडपाठ आहे. शेजारच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर शाळेत खो-खोच खेळायची. 2016 साली रिओ ऑलिम्पिकमध्ये तिनं स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. आमच्याच तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव तिरंदाजीत टोकियोला गेला. "सरडं तर आपल्या इथनं ह्ये इथं हाय," असं म्हणून मुली हात असा करतात, जणू टोकियोही तिथंच पुढच्या थांब्यावर आहे.

आता पिकअप बंद. मालवाहू गाडीतून मुलं न्यायची नाहीत हा नियम योग्यच आहे. तो आधीपासून होता, आम्ही उशिरा पाळायला लागलो. आता गाडी भाड्यानं ठरते, भाडं वर्गणीतून निघतं आणि वर्गणी जमेल तितक्याच मुली जातात. राखीव खेळाडू घरीच. मुली सुरक्षित जातात आणि सुरक्षित येतात, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दूधवाले काका आता सामन्याला येत नाहीत. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "आता काय, तुमची गाडी हाय की." त्या 'तुमची'त जे होतं ते काही वहीत लिहिण्यासारखं नव्हतं.

नवरात्रात हादगा. पाटावर हत्ती, भोवती फेर, मग खिरापत ओळखणं. आमच्याकडे मुलांनीही फेर धरायचा असा ठराव दहावीच्या मुलींनी केला. मुलगे खिरापतीच्या आशेनं आले आणि गाणी पाठ करून गेले. यावर अधिक लिहिण्यासारखं नाही, खिरापत चांगली होती.

2024 साली दिवाळीच्या आसपास सगळं विधानसभेच्या निवडणुकीनं खाल्लं. 20 नोव्हेंबरला मतदान, म्हणजे शाळेत बूथ, म्हणजे पुन्हा बाकं प्रयोगशाळेत. ह्या मुलांना बाकं रचण्याची पदविका द्यायला हरकत नाही. आम्ही निम्मे शिक्षक मतदान केंद्रांवर, उरलेले आचारसंहितेत. त्यातल्या त्यात सुख म्हणजे बक्षीस समारंभाला पुढारी बोलावता येईना. मग आठवीच्या मुलांनी सुचवलेल्या पोस्टमन काकांच्या हातून बक्षिसं दिली. ते सगळ्या मुलांना घरच्या नावानं ओळखत असल्यामुळं कार्यक्रम लांबला, पण कंटाळवाणा झाला नाही.

आणि मग गॅदरिंग. पूर्वी आमचं स्नेहसंमेलन जानेवारीच्या शेवटी असायचं. 2025 साली दहावीची परीक्षा 21 फेब्रुवारीलाच सुरू होणार म्हटल्यावर (2024 साली ती 1 मार्चला होती) सगळंच मागं ओढावं लागलं आणि गॅदरिंग डिसेंबरात आलं. गावाबाहेरच्या माणसाला यात अडचण दिसणार नाही. अडचण होती ट्रॉल्यांची. आमचं स्टेज म्हणजे दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या पाठीला पाठ लावून उभ्या करायच्या, फाळके पाडायचे, वर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर मंदिराच्या सतरंज्या. नाचताना त्या फळ्या अशा धडधडतात की ढोलकीची वेगळी गरज नसते. पण डिसेंबर म्हणजे ऊस कारखान्याला घालायचा ऐन हंगाम. तीन दिवस ट्रॉली शाळेत उभी म्हणजे मालकाच्या तितक्या खेपा बुडाल्या. जानेवारीतही हंगाम असायचाच, पण तेव्हा गावात ट्रॉल्या मोजक्या आणि मालक सगळे शाळेचेच माजी विद्यार्थी. नाही म्हणायची सोय नव्हती. आता ट्रॉल्या पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीवर हप्ता आहे. हेडसर दोन संध्याकाळ फिरले. एकानं दिली, एकानं "बघतो" म्हटलं. बघतो म्हणजे काय हे सातारा जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही.

शेवटी दुसरी ट्रॉली आली ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाच्या शब्दावर. दिवाळीनंतर बीडकडून टोळ्या येतात, मळ्यात खोपी पडतात आणि त्यांतली काही मुलं हंगामापुरती आमच्या वर्गात बसतात. आठवीतला त्यांचाच एक मुलगा हलगी वाजवायचा. वाजवायचा म्हणजे, पहिल्या तालमीला त्यानं हात लावला आणि शेतकरी नृत्याचं रेकॉर्ड केलेलं गाणं आम्ही बंदच केलं. हलगी त्याच्या चुलत्याची. मामांनी वहीत रीतसर नोंद केली: हलगी एक, टोळी, खोपी, कालव्याकडेला. मी ते पान मुद्दाम बघितलं. गावाबाहेरच्या माणसाकडून घेतलेली ती बहुधा पहिलीच वस्तू.

नृत्य बसवायला आमच्या नव्या मॅडम, पुण्याच्या. नाच उत्तम बसवला. नऊवारी मात्र भाड्याची, शिवलेली, फलटणच्या दुकानातून, प्रत्येकी दोनशे रुपये. एका मुलीनं भाड्याची घेतली नाही. ती आजीची इरकल घेऊन आली, खरी, न शिवलेली. ती नेसवायची कशी? नव्या मॅडमनी मोबाइलवर व्हिडिओ लावला, दोनदा प्रयत्न केला, काष्टा सुटला. तेवढ्यात पहिल्या रांगेत बसलेली आजीच पडद्यामागं आली. "अगं बया, काष्टा असा घालत्यात व्हय? त्यो मोबाइल ठिव आधी." दोन मिनिटांत पातळ असं बसलं की बाकीच्या सातजणी आपापली शिवलेली नऊवारी ओढून बघायला लागल्या. आजी मग तिथंच बसली. पुढच्या तासाभरात तिनं तीन मुलींचे अंबाडे घातले, एका मुलाच्या धोतराला गाठ मारली आणि नव्या मॅडमना चार घरच्या गोष्टी सांगितल्या. नातीचा नाच तिनं विंगेतून पाहिला. "समोरनं साडी दिसती, हितनं पोरगी दिसती," म्हणाली.

शेवटच्या दिवशी जेवण. आमटी-भात आणि शिरा. आमचा जिल्हा कर्मवीरांचा. भाऊराव पाटलांनी 1919 साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, पुढं साताऱ्यात वसतिगृह चालवलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसायची. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, आणि गावोगाव घराघरातून रोज एक मूठ धान्य बाजूला काढायचा मुष्टिफंड उभा राहिला. 22 सप्टेंबरला हे आम्ही मुलांना दरवर्षी सांगतो. सांगून झाल्यावर हार भिंतीवर जातो. पण गॅदरिंगचं जेवण त्याच रीतीचं होतं. घरटी एक शेर तांदूळ, मूठभर डाळ, गूळ. ज्याला जे जमेल ते. अलीकडं लोक म्हणतात, "शेर कशाला मोजत बसताय, शंभर रुपये घ्या." शंभर रुपये घेणं सोपं. तांदूळ मात्र आणायला मूल येतं, त्यामागं आई येते, ती तांदूळ निवडायला बसते, निवडता निवडता गॅलरीत लावलेली मुलांची चित्रं बघते. शंभर रुपये मुलाच्या खिशातून येतात आणि पावतीवर थांबतात.

जेवणानंतरची सकाळ मला सगळ्यांत आवडते. भांडी घासून उन्हात पालथी घातलेली असतात आणि परत करायला वेगळी काढायची असतात. प्रत्येकावर नाव कोरलेलं. देवस्थानाच्या पातेल्यांवर कुणाकुणाच्या स्मरणार्थ, वाड्यातल्या परातीवर लग्नात मामाकडून सप्रेम भेट, सन 1978. मुलं मोठ्यानं वाचतात आणि भांडी ज्याच्या त्याच्या ढिगात टाकतात. यंदा नववीतल्या एका मुलाला झाकणाच्या कडेला आपल्या पणजीचं नाव सापडलं. झाकण होतं दुसऱ्याच घराच्या ढिगात. पणजीचं माहेर ते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो संध्याकाळी झाकण घेऊन त्या घरी गेला आणि रात्रीचं जेवण तिथंच जेवला. सकाळी मला विचारलं, "मॅडम, म्हणजे ते माझे कोण?" आम्ही दोघांनी बोटं मोजून बघितली, नक्की काही ठरेना. मामेकुळी कुणीतरी, यावर थांबलो.

हे सगळं लिहिताना मला आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर हा लेख गोडमिट्ट होईल. त्या लाल वहीची जुनी पानं उलटली तर एका वस्तीचं नाव त्यात कितीतरी वर्षं नाही. सतरंज्या मंदिराच्या, भांडी वाड्यातली, ट्रॉल्या मळ्यातल्या. त्या वस्तीतली मुलं शाळेत होती, वर्गात पहिलीही यायची, लेझीमही खेळायची. त्यांच्या घरचं पातेलं मात्र कुणी मागितलं नव्हतं, आणि न मागण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आधीच्या हेडमास्तरांनी हे मोडलं. भाषण केलं नाही की परिपत्रक काढलं नाही. एका गॅदरिंगला मंदिराच्या सतरंज्या कमी पडतायत असं जाहीर करून त्यांनी समाजमंदिरातून सतरंज्या आणि 14 एप्रिलचा स्पीकर मागवला. कमी पडत होत्या की नाही, देव जाणे. मामा सांगतात, त्या दिवशी स्टेजपुढं कोण बसतंय आणि कोण उठतंय याकडे सगळं गाव डोळे लावून होतं. दोघं-तिघं उठले. बाकीचे बसले, कारण पोरांचा नाच सुरू झाला होता. दुसऱ्या वर्षी तिथून पातेलं आलं, आणि त्यातली आमटी तळापर्यंत संपली.

उसनं मागायला जावं लागतं, हा त्याचा खरा त्रास आहे आणि माझ्या मते खरा फायदाही तोच. देणगीत तसं नसतं. निरोप समारंभाला दहावीचा वर्ग शाळेला काहीतरी भेट देतो. एकेकाळी भिंतीवरची घड्याळं इतकी जमली की स्टाफरूममध्ये चार वेगवेगळ्या वेळा दिसायच्या. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरायला लागल्यापासून भेटी मोठ्या झाल्या. पिण्याच्या पाण्याचं यंत्र आलं, प्रोजेक्टर आला, फाटकाची कमान आली आणि प्रत्येकावर बॅचचं साल. मुंबई-पुण्याला गेलेली माणसं आठवणीनं देतात, याचं मला मनापासून कौतुक आहे. यंत्राचं पाणी मी स्वतः पिते. पण दिलेलं एकदा दिलं की विषय संपला. आणलेलं परत करायला जावं लागतं, आणि परत करताना घरात बोलावतात, चहा होतो, मुलगा कसा आहे अभ्यासात ते विचारतात. पालक सभेला न येणाऱ्या कितीतरी पालकांशी माझी ओळख पातेलं परत करताना झाली आहे.

1 मेला झेंडावंदन आणि निकाल. त्याच्या आदल्या दिवशी पुढच्या वर्षाच्या नियोजनाची सभा. नव्या मॅडमबरोबरच आलेले विज्ञानाचे तरुण सर एका मंडप ठेकेदाराचं कोटेशन घेऊनच आले होते. स्टेज, मांडव, साऊंड, लाइट, जेवण, भांडी, सगळं एकरकमी. मुलांमागं वर्गणी थोडी वाढवली की झालं. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. ट्रॉलीची फळी निसटून कुणी पडलं तर जबाबदार कोण? हेडसरांनी दोन-दोन संध्याकाळ का फिरायचं? आणि मग माझ्याकडे बघून ते म्हणाले, "मॅडम, ठेकेदाराचा मांडव कुणाचाच नसतो, म्हणून त्याच्याखाली कुणालाही बसता येतं. एक वस्ती वहीत नव्हती, हे तुम्हीच मला सांगितलंत ना?"

मी म्हटलं, ती वहीत आली ती मागितल्यामुळंच. ठेकेदार असता तर प्रश्नच उठला नसता, आणि मग सुटलाही नसता.

"प्रश्न नसणं वाईट आहे का?" त्यांनी विचारलं.

यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग चहा घेऊन आलेल्या शिपाईमामांनी ट्रे ठेवता ठेवता विचारलं, "त्या ठेकेदाराची पातेली किती लिटरची?" सरांनी कोटेशनमध्ये बघितलं, लिहिलेलं नव्हतं. "मग आमटी पुरायची न्हाय," मामा म्हणाले आणि कप वाटायला लागले.

हेडसरांनी तोडगा काढला. स्टेज आणि मांडव ठेकेदाराकडे, कारण ट्रॉल्यांचा भरवसा नाही आणि पोरांच्या हातापायाचा प्रश्न आहे. जेवण आणि भांडी गावाकडेच, तांदूळ घरटी शेर, शंभर रुपये घ्यायचे नाहीत. विज्ञानाच्या सरांनी अट घातली की भांडी मागायला या वर्षी दर वस्तीला दोन-दोन मुलं आणि एक शिक्षक जाईल, एकही वस्ती गाळायची नाही, आणि पहिल्या फेरीला ते स्वतः जातील. ही अट मला सुचायला हवी होती. मामांनी लगेच वहीचं नवीन पान उघडून वस्त्यांची नावं लिहून काढली. साऊंडवरून मात्र जोरदार वाजलं. समाजमंदिराचा स्पीकर की ठेकेदाराचा डीजे, यावर नव्या मॅडम आणि मराठीचे सर एकमेकांना ऐकेनात. तेवढ्यात पाचवीच्या निकालपत्रकांवर सह्या व्हायच्या राहिल्यात हे कुणाच्यातरी लक्षात आलं आणि साऊंडचा विषय जूनवर ढकलून सगळे सह्या करायला बसले.